कॅमेऱ्यावरची टिकली

आमच्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवलेला कॅमेरा आपोआप जागा झाला, तेव्हा स्वरूपा त्याच्यासमोर लसूण सोलत बसली होती. कॉम्प्युटरसमोर लसूण कशाला, असा प्रश्न ज्यांना पडेल, त्यांनी दोन खोल्यांच्या घरात उन्हाळा काढलेला नाही. पंखा जिथे, तिथे लसूण.

"अहो, दिवा लागला."

"कसला?"

"ह्याच्या डोळ्याजवळचा, हिरवा. मी काही दाबलेलं नाही. हा माझ्याकडे बघतोय."

"बघू दे," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो. "लसूण सोलायला शिकेल."

ती हसली नाही. कपाळावरची मोठी मरून टिकली काढून तिने कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर चिकटवली आणि "घे, बघ आता," असं त्याला सांगून उरलेला लसूण सोलून टाकला. संरक्षणाचा एवढा झटपट आणि इतका टिकाऊ उपाय पुढच्या पाच-सहा दिवसांत आम्हा पुरुषांपैकी कुणालाही सुचला नाही, हे मी आधीच तिच्या जमेच्या बाजूला मांडून ठेवतो. मला तशी सवयच आहे. शेजारीपाजारी प्रत्येकाचं जमा-नावे मी मनात लिहीत असतो. स्वरूपाच्या पानावर नावेची बाजू बरीच कोरी आहे, आणि तिला ते माहीत आहे, हीच काय ती अडचण.

गंमत इथे संपली असती, पण येत्या गुरुवारी तिचा क्लास सुरू व्हायचा होता. आरीवर्कचा, म्हणजे आकडीच्या सुईने ब्लाउजवर जे भरतकाम करतात त्याचा. पिंपरीतल्या एका दुकानासाठी तिने वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नांचे ब्लाउज भरले आणि त्यावर चिठ्ठी लागली दुकानाची. आता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाने, घरबसल्या, कॉम्प्युटरवरून क्लास होणार होता. गुरुवार अशासाठी, की आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. नवरे घरी, म्हणजे पोरं सांभाळायला माणूस घरी. चाकण, मोशी, भोसरीकडच्या बायकांनी नावं दिली होती.

"त्या बायका आपापल्या घरात कॅमेरा लावून बसणार," स्वरूपा म्हणाली. "कुणाची स्वयंपाकखोली दिसणार, कुणाची अंगावर पिणारी लेकरं. ह्याच्यात कुणी लपून बसलं असेल, तर माझ्या दारातून तो त्यांच्या घरात शिरणार. बुधवारपर्यंत हे साफ झालं नाही, तर मी सगळ्यांना 'नाही' म्हणून कळवते. क्लास रद्द."

"रद्द कशाला? मी आहे ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी उगाच बोललो नव्हतो. चाकणच्या एका कंपनीत माझी उभी नोकरी इनकमिंग इन्स्पेक्शनमध्ये गेली. बाहेरून आलेला माल आधी माझ्या टेबलावर, मग आत. वाकडा बोल्ट मी नुसत्या बोटाने ओळखायचो. पुरवठादार मला बघून घाम पुसायचे. अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, एक परका माल बिनपावतीचा आत जाऊन बसला होता. हा प्रश्न कॉम्प्युटरचा राहिलेला नव्हता.

मी तपासणी सुरू केली. इंटरनेट उघडलं की आमच्या नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान यायचं. त्यावर एक परदेशी बाई मला रमी खेळायला बोलवायची. तिला बंद केलं की दुसरी पोट कमी करण्याचा चहा घेऊन यायची. आणि स्वरूपाने आदल्या दिवशी फोनवर नव्हे, तर याच कॉम्प्युटरवर जरीच्या धाग्याचा भाव टाइप केला होता, तर आता जिथे जावं तिथे जरीचा धागा! म्हणजे आत कुणीतरी बसून आम्ही काय टाइप करतो ते वाचत होतं. त्याचं मला कौतुकही वाटलं. मी बटण दाबायच्या आधी तो हजर, मी उठल्यावरही कामावर. असा हजेरीचा पक्का कामगार उभ्या नोकरीत पाहिला नाही.

वरच्या मजल्यावर शेखर राहतो. हिंजवडीला आयटीत आहे. त्याला मेसेज केला, तर त्याने चालू मीटिंगमधून बोलून पाठवलेलं एक लांबलचक रेकॉर्डिंग आलं. "काका, हे स्पायवेअर आहे, हेरगिरीचं सॉफ्टवेअर. घाबरू नका. आधी एक चांगलं अँटिव्हायरस टाका..." इथवर मी ऐकलं. कामाचं तेवढं कळलं, की पुढचं पाल्हाळ ऐकायचं नाही, ही शिस्त कंपनीतली. ढालीचं चित्र असलेलं एक मी लगेच उतरवून घेतलं.

एवढ्यात उद्धवराव आले. उद्धवराव हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. लातूरकडचे. माणूस इतका उपयोगी, की कुणाच्या घरी कुकरची शिट्टी जास्त झाली तरी विचारायला येतात.

"रंगराव, काई काळजी करू नका बगा. लै जालीम औषध हाय आपल्याकडं," म्हणत त्यांनी खिशातून लाल पेनड्राइव्ह काढला. हा पेनड्राइव्ह म्हणजे आमच्या सोसायटीची सार्वजनिक मालमत्ता. नोटिशी, सणांचे फोटो, सगळं त्यात. त्यातून त्यांनी कुलपाचं चित्र असलेलं दुसरं अँटिव्हायरस टाकलं. मग मी विचार केला. कंपनीत महत्त्वाच्या पार्टला तिहेरी तपासणी असते. एका इन्स्पेक्टरच्या नजरेतून सुटलं तर दुसरा, दुसऱ्याच्या सुटलं तर तिसरा. म्हणून वाघाचं चित्र असलेलं तिसरं मी स्वतः शोधून टाकलं. फुकटात.

इन्स्पेक्टर लोकांचा स्वभाव मी विसरलो होतो, आणि तोही मीच! एका टेबलावर तीन इन्स्पेक्टर बसवले की माल बाजूला राहतो. ढालवाल्याने जाहीर केलं, की कुलूपवाला संशयास्पद आहे. कुलूपवाल्याने ढालवाल्याला धरून कोठडीत टाकलं. वाघवाल्याने दोघांनाही धोकादायक ठरवलं आणि पूर्ण बंदोबस्त हवा असेल तर पैसे भरा म्हणून डरकाळी फोडली. या मारामारीत कॉम्प्युटरचा जीव कंठाशी आला. सकाळी दाबलेलं बटण जेवणाच्या वेळी उमटू लागलं. रमीवाली बाई मात्र टवटवीत. तीन पहारेकरी एकमेकांची गचांडी धरून उभे, आणि ती मधून पदर सावरत ये-जा करतेय.

मी चौकीवर गेलो. तिथला हवालदार मोठा अदबशीर निघाला. त्याने मला बसायला खुर्ची दिली.

"काय गेलं, काका?"

"गेलं काही नाही. येतंय."

त्याने पेन खाली ठेवलं. "काय येतंय?"

"रमीवाली बाई. आणि चहावाली."

"घरी?"

"कॉम्प्युटरवर हो!"

"असं. संशय कुणावर?" त्याने पेन खिशाला लावलं. "काका, खात्यातून पैसे गेले, फोटो गेले, तर लगेच या, नोंद करू. पण आधी एक बघा, घरचा कॉम्प्युटर कोण कोण वापरतं? बाहेरून काय काय जोडलं जातं त्याला?"

माझा अपमान झाला. इनकमिंग इन्स्पेक्शनच्या माणसाला विचारतो, बाहेरून काय आत येतं! "माझ्या घरात मला न विचारता सुईसुद्धा येत नाही," असं सांगून मी उठलो. मागाहून हिशेब केला, तेव्हा त्या हवालदाराला किती जमा द्यावे लागले ते पुढे येईलच.

घरी आलो, तर स्वरूपा माझ्या फोनला कान लावून बसली होती. शेखरचं रेकॉर्डिंग ती ऐकत होती. आणि अख्खं ऐकत होती! मधेमधे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकते हे मला माहीत नव्हतं. माझ्या बाबतीत तसा प्रसंग आलेला नसावा.

"अहो, पुढे काय म्हणालाय ऐकलंत का तुम्ही?"

"सारांश ऐकला."

"तो म्हणतो, कायम पहाऱ्याला एकच ठेवा, दोन ठेवले तर भांडतात. दुसरं हवं असेल तर पाहुण्यासारखं, यायचं, बघायचं, सांगायचं, जायचं. मुक्कामाला नाही. तुम्ही तीन जावई एकदम मुक्कामाला ठेवलेत!"

"तिहेरी तपासणी..."

"कंपनीत. हे घर आहे."

मग तिने खुर्ची पुढे ओढली. मी मागे स्टुलावर. ती म्हणाली, "साखळीटाका उसवायचा असला की सुरुवातीकडून ओढायचा नाही, गाठ बसते. शेवटचा टाका सोडवायचा, मग सरसर येतो." आणि तिने कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी तारखेने लावली. सगळ्यात अलीकडचं वर. वाघवाला गेला, कुलूपवाला गेला. त्यांच्याखाली अशी काही नावं निघाली, की जी आम्ही कुणीच आत घेतलेली नव्हती. एक म्हणे हवामान सांगणारा. एक मराठी सुंदर अक्षरांचा. एक तर कूपन देणारा. हे तिघं एकाच दिवशी, एकाच वेळी हातात हात घालून आत आले होते. तिने तिघांनाही काढलं. त्या भरात प्रिंटरही काढला आणि स्पीकरही.

"तो प्रिंटर होता!"

"मग आधी बोलायचं."

प्रिंटर आणि स्पीकर पुन्हा आत घेताना तिचं तोंड बघण्यासारखं होतं, पण मी बघितलं नाही. शहाणा माणूस काही नोंदी उशिरा करतो. मग शेखरने सांगितल्याप्रमाणे इंटरनेटची वायर काढून, कॉम्प्युटर अगदी मोजक्या सामानावर सुरू करून तिने तो पाहुण्यासारखा तपासणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने कोनाकोपऱ्यातून घाण बाहेर काढली. मग पहाऱ्याला एकटी ढाल ठेवली. इंटरनेटच्या पानाला चिकटलेल्या चार जळवा उपटल्या. पासवर्ड बदलले, तेही या कॉम्प्युटरवरून नाही, फोनवरून. "चोर घरात असताना नवीन कुलपाची किल्ली त्याच्यासमोर फिरवायची नाही," ती म्हणाली. हे शेखरचं वाक्य होतं, पण तिच्या तोंडी जास्त शोभलं.

कॉम्प्युटर फुलासारखा हलका झाला. रमीवाली गेली. मंगळवारी आम्ही आमरस केला.

बुधवारी दुपारी बाई परत आली. सोबत चहावालीही. आणि टिकलीच्या कडेने तो हिरवा उजेड पुन्हा झिरपू लागला.

स्वरूपाने आरीची रिंग, ज्यात कापड ताणून बसवतात ती, पिशवीत भरायला घेतली. नमुन्याला भरलेला मोर अर्धा राहिला होता. तो तिने घडी घालून वर ठेवला. मग फोन घेतला आणि पहिल्या बाईला मेसेज लिहायला लागली. तिने मला टोमणा मारला असता तर चाललं असतं. तिने मारला नाही.

"थांब," म्हणालो. "संध्याकाळपर्यंत थांब. बुधवारपर्यंत म्हणाली होतीस ना? बुधवार अजून आहे."

मी खाली उतरलो. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. गेटजवळ बबनराव खुर्ची टाकून बसले होते. ते मूळचे इथले, चऱ्होलीचेच. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांची, त्यामुळे गेटजवळची खुर्ची त्यांच्या वहिवाटीची. चाकणच्या बाजारात कांद्याच्या आडतीवर त्यांची हयात गेली. आपलं दुःख हलकं करायला मी त्यांना सगळं सांगितलं.

"सगळं नीट काढलं?" त्यांनी विचारलं.

"एकूण एक."

"मंग परत आलं कुठनं?"

"तेच तर कळत नाही."

"आवो, सडका कांदा काढला आन् चांगला कांदा परत त्याच पोत्यात भरला, तर काय हुईल? पोतं झटाकलं का तुमी?"

"इथे पोतं कुठलं, बबनराव?"

"ते मला काय ठावं? आमी कांद्याचं सांगितलं. पोतं तुमचं तुमी हुडका."

वर जाऊन मी हे स्वरूपाला सांगितलं, नुसतं गंमत म्हणून. तिचा मेसेज लिहिणारा अंगठा थांबला.

"सकाळी मी भाजीला गेले तेव्हा कोण आलं होतं?"

"कुणी नाही. उद्धवराव फक्त. पाणी बंदची नोटीस छापायला."

"कशातून छापली?"

लाल पेनड्राइव्ह माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागला. दरवेळी तो मीच हाताने घेऊन, मोठ्या अगत्याने, कॉम्प्युटरला लावत आलो होतो. हवालदाराने विचारलं होतं, बाहेरून काय जोडता. त्याला मी मनातल्या मनात जमा दिलं, सव्याज.

शेखर ऑफिसातून आला तो थेट आमच्याकडेच, चपलाही न काढता. स्वरूपाने चपला काढायला लावल्या. मग त्याने स्वतःचा कॉम्प्युटर आणून उद्धवरावांकडून मागवून घेतलेला पेनड्राइव्ह तपासला. "काकू, ही फोल्डरं बघा. कोपऱ्यात बारीक बाण आहे ना? हे फोल्डरच नाही. दिसतं फोल्डरसारखं. त्यावर क्लिक केलं की तो आत शिरतो. आणि इथे काय काय आहे, बापरे! सोसायटीच्या नोटिशी, सणांचे फोटो, पुरणपोळीचं प्रमाण, भक्तिगीतं, मोडी शिका, वजन उतरवा, सुंदर अक्षरं मोफत... हे एवढं कुणी भरलं?"

उद्धवराव तोवर येऊन उभे होतेच. "कुणी म्हंजे? सगळ्यांनीच! ज्याच्याकडं दिला त्यानं काईतरी घालून दिला. माणसं चांगली हायती हो आपली."

स्वरूपा एकदम खदखदून हसली. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," ती म्हणाली. "माझ्या आईने शिकवलंय, तुमच्या आईने शिकवलंय. खीर आली तर डब्यात निदान साखर तरी घालून परत. अख्ख्या सोसायटीने पेनड्राइव्हचा डबाच केला! कुणीच रिकामा परत दिला नाही. आणि भावजी, एवढ्या डब्यांत एखाद्याची खीर नासलेली निघणारच."

कुणाची, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. नासकी खीर देणाऱ्यानेही ती प्रेमानेच दिली होती. जगातल्या कुठल्या हेराला इतक्या अगत्याने, हातोहात, घरोघरी पोचवलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

शेखरने फोटो आणि नोटिशी बाजूला काढून, धुऊन, पेनड्राइव्ह पुसून टाकला. आमचा कॉम्प्युटर स्वरूपाने पुन्हा शेवटच्या टाक्यापासून उसवला. आता तिला ते पाठ झालं होतं. या खेपेला प्रिंटर वाचला. मग तिने उद्धवरावांना बजावलं, "ज्या ज्या घरी हा गेलाय, तिथे तिथे शेखर आणि मी सांगू तसं साफ करायचं. एकट्याचं पोतं झटकून भागणार नाही." उद्धवरावांनी लगोलग ग्रुपवर नोटीस टाकली. ती इतकी कळकळीची होती, की दोन घरांतून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं उत्तर आलं.

प्रश्न उरला पेनड्राइव्ह परत देण्याचा. तो हातात घेऊन उद्धवराव हिरमुसले. "पार रिकामा केलाव की वं वहिनी."

सोसायटीच्या इतिहासात असा रिकामा डबा कुणी कुणाला दिला नव्हता. स्वरूपा आत गेली, स्टीलचा डबा शंकरपाळ्यांनी गच्च भरला, आणि वर पेनड्राइव्ह ठेवून झाकण लावलं. "आता नाही ना रिकामा?"

गुरुवारी क्लासच्या वेळी घरातली माझी नेमणूक दारात होती. पहाऱ्याला एकटाच. आत स्वरूपा हिरवी साडी नेसून, रिंगवर मोर ताणून बसली होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. घाईत कपाळ कोरंच राहिलं होतं.

बेल वाजली. दारात उद्धवराव. हातात आमचाच डबा. वर गरम धपाटे, त्यांचा वास जिन्यापर्यंत गेलेला, आणि धपाट्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला, लाल पेनड्राइव्ह.

"वहिनींच्या क्लासला म्हणून पाच-सहा भक्तिगीतं घातल्यात," ते कुजबुजले. "रिकामा कसा द्यायचा?"

मी नोकरीतला चेहरा चढवला. माल हातात घेतला, बोटाने चाचपला. धपाटे पास. पेनड्राइव्ह उंबऱ्याच्या आत न आणता मी सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर बटण लावलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला इन्स्पेक्टर असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "ताई, आवाज येतोय, पण तुम्ही दिसत नाही!" मग दुसरीचा. "नुसता काळोख आहे हो." मग सगळ्यांचाच गलका.

उद्धवरावांनी माझं मनगट धरलं. स्वरूपा पडद्याकडे बघत राहिली, हातातली सुई तशीच अधांतरी. पडद्यावर बायकाच बायका, आणि तिच्या चौकोनात काळं. परत आला, असंच आम्हा तिघांच्या मनात आलं.

मग तिची नजर हळूच वर गेली, कॅमेऱ्याकडे. नखाने तिने टिकली उचलली आणि तशीच, आरशात न बघता, स्वतःच्या कपाळावर लावली. बरोबर मधोमध.

"दिसल्या! दिसल्या!"

"दिसताय, ताई. छान दिसताय."

"मोर पण दिसतोय. बाई, केवढा भरलाय!"

"नमस्कार," स्वरूपा म्हणाली. आवाज जरासा कापला, मग सरळ झाला. "मी स्वरूपा. आज आपण साखळीटाका शिकू. आणि तो उसवायला पण शिकू, ते जास्त कामाचं आहे."

कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा लख्ख पेटला होता. उद्धवरावांनी तो पाहिला आणि घाबरून माझ्या कानाशी आले.

"रंगराव, दिवा! बगायला लागलं की वं त्ये!"

"बघू द्या," मी धपाट्याचा तुकडा मोडत म्हणालो. "शिकतील."